दहा बाय दहाची खोली, दोन मुलं आणि पंचेचाळीस हजार रुपये

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही पुण्यातल्या धायरीतलं भाड्याचं घर सोडून त्याच भागातल्या दुसऱ्या भाड्याच्या घरात गेलो, आणि त्या दिवशी मुलांच्या खोलीतलं कपाट मेलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. चार वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवलेलं, पांढरंशुभ्र, कडेला फिकट निळी पट्टी असलेलं दोन दारांचं कपाट. सामान हलवणाऱ्या मुलांनी ते खोलायला घेतलं. पहिला मिनिफिक्स, म्हणजे दोन फळ्या जोडणारा फिरकीचा सांधा, फिरवला, तो नीट सुटला. दुसऱ्याबरोबर आजूबाजूचा भुसा बाहेर आला. तिसऱ्याला नुसता धक्का लागला आणि बाजूची अख्खी फळी हातात आली. तळाकडचे चार इंच तर आधीच फुगले होते, कारण रोज फरशी पुसताना ओलं फडकं त्या कडेला लागत होतं. मागची तीन मिलिमीटरची पातळ पाठ भिंतीच्या ओलीने काळी पडली होती. त्या पाठीला टेकून मुलीचे शाळेचे कपडे चार वर्षं राहिले होते, हे त्या दिवशी कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

नव्या घरात ती खोली रिकामीच ठेवली. मुलगी साडेआठ वर्षांची, मुलगा पाच. दोघं आमच्या खोलीत जमिनीवर गाद्या टाकून झोपायला लागली. मी आणि नवरा, दोघांनी बसून ठरवलं की महिनाभर काहीही विकत घ्यायचं नाही. आधी बघायचं, मोजायचं, विचारायचं. सगळं मिळून पंचेचाळीस हजार खर्च करायचे, एक रुपया जास्त नाही. त्या महिन्यात काय काय पाहिलं, काय सोडलं, काय घेतलं आणि पुढे त्याचं काय झालं, ते इथे लिहिते आहे. भाड्याच्या घरात मुलं वाढवणाऱ्यांना त्यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

टिकाऊ म्हणजे काय

नाना, म्हणजे माझे सासरे, त्यांचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. "सागवानी पलंग करून घ्या. माझ्या वडिलांचा अजून गावाकडे आहे." ते खोटं नाही. पण तो पलंग साठ वर्षं एकाच माजघरात उभा आहे. आमचा करार अकरा महिन्यांचा. फार तर एकदा वाढतो, मग घरमालकाला घर हवं असतं किंवा भाडं आमच्या आवाक्याबाहेर जातं. आमच्या मुलांचं फर्निचर दहा वर्षांत चार वेळा तरी खोललं जाणार, टेम्पोत चढणार, जिन्याच्या वळणावर आपटणार आणि परत जोडलं जाणार. त्यामुळे लाकूड कुठलं यापेक्षा सांधा कसा आहे, हा आमचा पहिला प्रश्न झाला. हे मला कपाटाच्या भुशाने शिकवलं, आणि पुढचा प्रत्येक निर्णय या एका प्रश्नावर तपासून घेतला.

प्रीलॅम पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेली, वर गुळगुळीत थर चिकटवलेली फळी. जागेवर उभी राहिली, कोरडी राहिली तर ती बरी चालते. पण तिच्यात स्क्रू एकदाच धरतो. काढून परत त्याच भोकात लावला की पकड कमी होते, तिसऱ्या वेळी फारशी उरत नाही. प्लायवूडमध्ये पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले असतात, तिथे स्क्रू दोन-चार वेळा निभावतो. आणि जिथे नट-बोल्ट आरपार जातो तिथे भुशाचा प्रश्नच येत नाही. ऑनलाइन जाहिरातींत 'इंजिनिअर्ड वुड' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पार्टिकल बोर्ड, एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंची दाबलेली फळी) की प्लाय, हे विचारल्याशिवाय कळत नाही. मी पाच ठिकाणी विचारलं. चार ठिकाणी पार्टिकल बोर्ड निघाला.

दुमजली खाट का घेतली नाही

मुलांना अर्थातच दुमजली खाट हवी होती. मलाही हवी होती, कारण खोली दहा बाय दहा आणि त्यात दोन खाटा टाकल्या की मुलांना खेळायला जमीनच उरत नाही. शोरूममध्ये एक छान खाट पाहिली, रबरवुडची, चढायला पायऱ्यांऐवजी खणांचा जिना. बत्तीस हजार सांगितले. घरी येऊन मी टेप घेऊन खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि वर पंख्याकडे पाहिलं.

आपल्या घरात छताचा पंखा असतो ही गोष्ट त्या खाटांच्या चित्रांत कुठेच नसते. हिशेब असा. नेहमीचा पंखा १२०० मिलिमीटरचा, म्हणजे मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंत दोन फूट. खोली दहा फूट, पंखा मधोमध, म्हणजे भिंतीपासून पाच फुटांवर. त्यातून दोन फूट वजा केले की पात्याचं टोक भिंतीपासून तीन फुटांवर फिरतं. भिंतीला लावलेल्या खाटेची गादीच तीन फुटांची, चौकट धरून सव्वातीन. म्हणजे पातं खाटेच्या कडेवर येतं. उंचीही मोजली. आमची पाती जमिनीपासून सव्वाआठ फुटांवर. वरच्या गादीचा माथा साधारण पाच फुटांवर. मुलगी गुडघ्यांवर उभी राहिली तर तिचं डोकं आठ फुटांच्या पुढे जातं, आणि तिने चादर झटकली तर हात कुठे जाईल याचा विचार मला करवेना. पंखा काढून भिंतीवरचा लावता आला असता, पण पुण्याच्या एप्रिलमध्ये छतापासून चार फुटांवर, मच्छरदाणीत, भिंतीवरच्या पंख्याच्या भरवशावर मूल झोपवायचं म्हणजे रोज रात्री भांडण.

धाकट्याचा विचार केला तर उत्तर आणखी सोपं होतं. सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या खाटेवर झोपवू नये असं अमेरिकेतले नियम सांगतात. वरच्या कठड्याचा माथा गादीच्या वर किमान पाच इंच असावा आणि कठड्याच्या फटी साडेतीन इंचांपेक्षा मोठ्या नसाव्यात, म्हणजे मुलाचं धड त्यातून घसरत नाही, हेही त्यातच आहे. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोचं दुमजली खाटांसाठी आयएस १७६३६ हे मानक आहे. शोरूममधल्या त्या खाटेवर त्यांनी सांगितलेली सहा इंची गादी घातली तर कठडा गादीवर जेमतेम तीन इंच उरत होता. ज्यांच्याकडे उंच छत आहे, मुलं मोठी आहेत, पंखा दूर आहे, त्यांनी दुमजली खाट जरूर घ्यावी. पण दुकानात जाण्याआधी पंख्याचं माप घ्यावं आणि गादीची जाडी धरून कठडा मोजावा, हे मी ज्याला त्याला सांगते.

मोटारीच्या आकाराची खाट धाकट्याने मागितली होती. ती आतून पाच फुटांची होती. बाजारात तयार गाद्या ७२, ७५, ७८ इंच लांबीच्या आणि ३६ इंच रुंदीच्या सहज मिळतात. पाच फुटांची गादी खास करून घ्यावी लागते आणि मूल अकरा-बारा वर्षांचं झालं की ती गादी आणि ती मोटार दोन्ही एकदमच लहान होतात. धाकटा त्या दिवशी रडला. मी त्याला समजावलं नाही, नुसतं जवळ घेऊन बाहेर आणलं.

कॉट

उत्तर शेवटी लहानपणीच्या आठवणीतून आलं. आमच्या घरी लोखंडी कॉट होती. तिच्यावर आम्ही तीन भावंडांनी उड्या मारल्या आणि ती आजही माझ्या भावाकडे पाहुण्यांसाठी आहे. जवळच्या नऱ्ह्यात फॅब्रिकेशनची, म्हणजे लोखंडी कामाची, बरीच वर्कशॉप आहेत. तीन ठिकाणी फिरलो. ते लोक खाटेचा नगावर भाव सांगत नाहीत, किलोवर सांगतात, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे पाइप जाड घेतला की पैसे वाढतात, आणि कुणी 'स्वस्तात करून देतो' म्हणाला तर पाइप पातळ असणार हे समजायचं. जाडी सांगणारा गेजचा आकडा उलटा चालतो हेही तिथेच कळलं: १६ गेज जाड, १८ त्याहून पातळ, २० आणखी पातळ.

मी कागदावर काढून नेलं होतं. वरची कॉट ७५ बाय ३६ च्या गादीची, जमिनीपासून अठरा इंच उंच. तिच्याखालून बाजूने ओढून काढायची दुसरी कॉट, चाकांवर, ७२ बाय ३६ च्या गादीची. लांबीतला तीन इंचांचा फरक मुद्दाम, म्हणजे खालची वरच्या पायांच्या मधून सहज सरकते. दिवसा ती आत, आणि खोलीची जमीन मोकळी. रात्री बाहेर ओढली की धाकटा जमिनीपासून आठ इंचांवर झोपतो, पडला तरी काही होत नाही.

वर्कशॉपवाले दादा चित्र पाहून म्हणाले, "वहिनी, सगळं वेल्डिंग करून देतो, हलणारच नाही." मी म्हटलं, "दादा, हलली नाही तर दारातून जाईल कशी? डोक्याची बाजू, पायाची बाजू वेगळी करा आणि मधले दांडे बोल्टवर घ्या." त्यांनी जोडाच्या जागी पट्ट्या वेल्ड केल्या आणि आठ मिलिमीटरचे बोल्ट दिले. कोपरे ग्राइंडर मारून गोल करून मागितले. पाइपांची तोंडं प्लास्टिकच्या बुचांनी बंद करून घेतली, कारण उघड्या पाइपात लहान बोट अडकतं आणि झुरळंही घर करतात.

वरची चौकट २४ किलो, खालची १३, किलोला १४० रुपये. दोन्ही मिळून ५,१८० रुपये. पावडर कोटिंगचे १,९००. वर टाकायला १२ मिलिमीटरचा बीडब्ल्यूआर प्लाय. प्लाय आठ बाय चारचाच मिळतो असं मला वाटत होतं. पण टिंबर मार्केटात सात बाय तीन आणि सहा बाय तीनच्या शीटही मिळतात, आणि त्या आमच्या मापाला जवळजवळ कापाविना बसल्या. एकोणचाळीस चौरस फूट, ७८ रुपयांनी ३,०४२. दुकानदार 'कमर्शिअल' घ्या म्हणत होता, ते स्वस्त. कमर्शिअल म्हणजे एमआर, दमटपणा थोडा सोसणारा. बीडब्ल्यूआरचा डिंक वेगळा, तो पाण्याला जास्त टिकतो. दोन्ही आयएस ३०३ या एकाच मानकाखाली येतात, म्हणून नुसता आयएसआयचा शिक्का पाहून भागत नाही, शिक्क्यात कुठली ग्रेड छापली आहे ते वाचावं लागतं. मुलांच्या खाटेसाठी मी इथे पैसे वाचवले नाहीत. पाच वर्षांच्या मुलाची गादी कधी ना कधी ओली होतेच.

सुतार मिस्त्रींनी त्या प्लायला दर सहा इंचांवर बोटाएवढी भोकं पाडून दिली. फोमची गादी सपाट फळीवर ठेवली की पावसाळ्यात खालून घाम धरते आणि बुरशीचे ठिपके येतात. भोकांनी हवा खेळते. याच कारणासाठी स्टोरेजची, म्हणजे खाली पेटी असलेली खाट मी टाळली. तिच्यात जागा भरपूर मिळते हे खरं, पण मुलांना फळी उचलता येत नाही आणि बंद पेटीतल्या दुलयांना श्रावणात वास येतो.

चाकांचे सहाशे, टेम्पोचे आठशे. दोन्ही कॉट घरात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा ११,५२२ रुपये खर्च झाले होते. वरच्यासाठी पाच इंची फोमची गादी ६,२०० ला घेतली. खालच्यासाठी घरातली जुनी कापसाची गादी गादीवाल्याकडून पिंजून, नवी खोळ घालून ७२ बाय ३६ ची करून घेतली, १,४०० रुपये. धाकट्याला तीच आवडते. त्याच्या मते तिच्यात आजीचा वास आहे.

कपाट, आणि भिंतीतली दोन भोकं

कपाट लोखंडीच घ्यायचं हे ठरलेलं होतं. स्थानिक दुकानातून २० गेजचं, साडेसहा फुटी, १३,५०० रुपयांचं घेतलं. २२ गेजचं अकरा हजारात मिळत होतं. पण मी त्याच्या दारावर अंगठ्याने दाबलं आणि पत्रा आत गेला.

जिथे मी सगळ्यात जास्त हट्ट धरला ती गोष्ट अगदी लहान होती. कपाट भिंतीला बांधायचं. मुलं खण उघडून त्याचा जिना करतात. कपाटाचा तोल पुढे येतो आणि ते अंगावर पडतं. २०१६ मध्ये आयकिया या फर्निचर कंपनीने अमेरिकेत खणांची सुमारे २.९ कोटी कपाटं परत बोलावली होती, ती अशी पडून मुलं दगावली म्हणूनच. घरमालकांना फोन केला. ते आधी नाही म्हणाले, टाइल्स नाहीत पण नवा रंग आहे म्हणाले. मी म्हटलं, "काका, दोनच भोकं आहेत. घर सोडताना भरून, रंग लावून देईन. तसं लिहून देते." ते थोडं थांबले आणि म्हणाले, "लिहून कशाला देता? मला पण नातवंडं आहेत." एल आकाराच्या दोन पट्ट्या, चार स्क्रू, दीडशे रुपयांचं काम. कपाटाच्या कुलपाची चावी काढून आमच्या खोलीत ठेवली. लपाछपीत आतून अडकायला नको.

जुन्या बाजारातलं टेबल

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात नाना आणि मी दोन रविवार गेलो. पहिल्या रविवारी निळ्या रंगाचं, फार गोड दिसणारं लहान मुलांचं टेबल मिळत होतं, सातशे रुपयांत. रंगाचे पापुद्रे सुटलेले होते. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांवर, आणणारा नियम आपल्याकडे २०१६ चा, आणि तो लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल ते डोळ्याला दिसत नाही, आणि लहान मूल हात तोंडात घालतं. खरवडून नवा रंग देऊ म्हटलं तर ती धूळ आणखी वाईट. सोडून दिलं.

दुसऱ्या रविवारी नानांना सागवानी टेबल सापडलं. कचेरीतलं असावं, तीन खण, वर शाईचे डाग. नानांनी ते उलटं करायला लावलं, खण काढून पालथे केले, सांध्यांत बोट फिरवलं. टाचणीच्या डोक्याएवढी पाच-सात भोकं होती. "भोकं जुनी आहेत का चालू, ते बघायचं," ते म्हणाले. घरी आणून बाल्कनीत आठ दिवस काळ्या कागदावर ठेवलं. किडा चालू असता तर कागदावर पिठासारखा भुसा पडला असता. कागद कोरा राहिला. २,५०० टेबलाचे, ९०० पॉलिशचे. त्या आठ दिवसांत नाना रोज सकाळी चहा घेऊन तो कागद बघायला जात. सागवानाचा त्यांचा हट्ट पलंगावर पुरा झाला नाही, पण टेबलावर झाला, आणि त्या आनंदात मलाही वाटा मिळाला.

टेबलाची अडचण एकच, उंची. ते मोठ्या माणसाचं, ७५ सेंटिमीटर. मुलगी १३० सेंटिमीटर. शाळेच्या फर्निचरच्या युरोपीय मापांत तिच्या उंचीला साधारण ५९ सेंटिमीटरचं टेबल सांगितलं आहे. मी पाय कापायचं ठरवून मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी करवत काढलीच नाही. "ताई, दोन वर्षांनी परत लावणार आहात का पाय? पोरीला वर घ्या." त्यांनी खुर्चीवर दोन इंची घट्ट बैठक ठेवायला सांगितली. पायाखाली ठेवायला त्यांनी उरलेल्या १९ मिलिमीटर प्लायच्या आठ फळ्या एकावर एक स्क्रूने जोडून साधारण पंधरा सेंटिमीटरचा पाट केला. तो इतका जड आहे की सरकत नाही. मुलगी बसली. कोपर टेबलाच्या पातळीला, गुडघे काटकोनात, तळवे पूर्ण टेकलेले. याआधी ती जेवणाच्या टेबलावर पाय लोंबकळत अभ्यास करायची आणि दहा मिनिटांत उठायची. मला तो चंचलपणा वाटत होता, आणि त्यावरून मी तिला रागावलेही होते.

मिस्त्रींनी खेळण्यांसाठी एक बुटकी उघडी मांडणीही केली, १९ मिलिमीटर बीडब्ल्यूआरची, खाली चार इंची पीव्हीसीचे पाय, म्हणजे फरशी पुसताना पाणी लाकडाला लागत नाही. ती आणि पाट मिळून ६,३०० रुपये. सगळी बेरीज ४२,३२२ झाली, कपाटाच्या पट्ट्या धरून ४२,४७२.

बावीस महिन्यांनी

अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार संपले आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा सामान बांधलं. दोन्ही कॉट तेरा नंबरच्या पान्याने चाळीस मिनिटांत सुटल्या. बोल्ट एका डब्यात, डब्यावर मुलीने लिहिलेलं नाव. भिंतीतली भोकं भरून, रंग लावून दिली.

सगळं बरोबर झालं नाही. कपाट साडेसहा फुटी आणि नव्या इमारतीची लिफ्ट त्याहून बुटकी, त्यामुळे ते चार मजले जिन्याने चढवावं लागलं आणि त्याचे नऊशे रुपये वेगळे गेले. दोन भागांत सुटणारं कपाट घ्यायला हवं होतं. सांध्याचा नियम मी खाटेला लावला आणि कपाटाला लावायची विसरले. कॉटच्या एका वेल्डिंगवर कोटिंग सुटून गंज आला होता, तो घासून रेड ऑक्साइड लावलं. बोल्ट सहा महिन्यांत सैल होतात आणि रात्री कूस बदलली की करकर वाजतात. रबरी वायसर घातल्यावर तो आवाज गेला. खालच्या कॉटच्या चाकांत केस गुंततात, महिन्यातून एकदा कात्री घेऊन बसावं लागतं.

नव्या घरात टेबल खिडकीपाशी लागलं. मुलगी आता १४१ सेंटिमीटर. पहिल्या संध्याकाळी ती अभ्यासाला बसली आणि म्हणाली, "आई, पाय नीट बसत नाहीयेत." मी स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि पाटाच्या आठ फळ्यांतल्या वरच्या दोन काढल्या. धाकटा त्या दोन्ही घेऊन गेला. मांडणीला टेकवून त्याने गाड्यांचा उतार केला आहे.